महिनाभराच्या मिशनसेवेला निघण्याआधी

ऐरोलीच्या एका तरुण फिजिओथेरपिस्टने मला सविस्तर पत्र लिहिलं आहे. तिच्या मराठी मंडळीचं, म्हणजे चर्चचं, पश्चिम केनियात, किसुमूपासून आत असलेल्या एका मंडळीशी जुनं नातं आहे. तिथली मंडळी अपंग मुलांसाठी एक छोटं केंद्र चालवते. येत्या जानेवारीत ऐरोलीहून चौघं जण महिनाभरासाठी तिकडे जाणार आहेत आणि त्यांत हिचं नाव आहे. तिचे प्रश्न असे: एका महिन्यात खरंच काही सेवा होते का? सोबत काय न्यायचं? सुवार्ता सांगायची ती कशी आणि कोणाला? तुम्ही स्वतः तिथून काय शिकलात? आणि अगदी शेवटी, आई फार घाबरली आहे, तिला काय सांगू?

बाळ, मी ठाण्यात फिजिओथेरपी करण्यात उभी हयात घालवली आणि त्याच भागात लहान लहान गट घेऊन वर्षानुवर्षं जात आले. तेव्हा हातचं काही न राखता सांगते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच विषयातून देते. अशा केंद्रांत आठवड्यातला एक दिवस क्लबफूटचा असतो. तू पॉन्सेटी पद्धत कॉलेजात शिकली आहेस, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात: मूल जन्मतःच पाऊल आत वळलेलं घेऊन येतं. दर आठवड्याला ते पाऊल हातांनी हळूहळू सरळ करत न्यायचं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. अशी साधारण पाच-सहा प्लास्टरं लागतात. बहुतेक मुलांची टाचेमागची दोरीसारखी कंडरा डॉक्टरांना छोटा छेद देऊन मोकळी करावी लागते, आणि त्यानंतरचं प्लास्टर तीन आठवडे राहतं. पाऊल सरळ झालं. पण खरी गोष्ट इथून पुढे. दोन बूट आणि मध्ये जोडणारी पट्टी, असा ब्रेस मुलाला घालायचा. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, आणि पुढे मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रोज झोपेत. ब्रेस सुटला की पाय पुन्हा वळू लागतो.

आता हिशोब तूच कर. तुझा महिना चौथ्या प्लास्टरशी संपतो. मुलाला पुढची चार वर्षं लागणार आहेत.

त्या केंद्रात एक बाई आहे. शिक्षण बेताचं, पण तिच्या वहीत प्रत्येक मुलाचं एक पान आहे. बूट लहान झाले की टाचेला फोड येतो. फोड आला की आई ब्रेस काढून कोपऱ्यात ठेवते, आणि मग रागावतील म्हणून केंद्रात यायचंच टाळते. लागोपाठ तीन वेळा मूल आलं नाही की ही बाई मोठ्या मापाचे बूट पिशवीत घालते, बोडाबोडा म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसते आणि घर गाठते. तिथे गेल्यावर एक शब्द चढा बोलत नाही. मूल मांडीवर घेते, फोड बघते, बूट बदलते, आईसमोर तीनदा घालून-काढून दाखवते आणि चौथ्यांदा आईला घालायला लावते. तिने पट्टा कुठल्या भोकात लावला ते बोटाने चाचपून बघते. मगच चहा घेते.

तुम्ही चौघं तिथे असताना केंद्रातली रोजची कामं उचललीत, तर तिला त्या महिन्यात राहिलेली घरं गाठता येतात. महिनाभराच्या सेवेचा अर्थ माझ्या लेखी एवढाच आहे, आणि तो थोडा नाही. तिथे जे माणूस आधीपासून राबतंय आणि तुझ्यामागेही राबणार आहे, त्याचं ओझं महिनाभर वाटून घे. काय करायचं ते त्याने सांगावं, तू करावंस. निघण्याआधी त्या माणसाचं नाव तुला ठाऊक नसेल आणि तुमच्या पाळकसाहेबांनाही सांगता येत नसेल, तर मी म्हणेन, जाणं पुढे ढकला. नाव मिळाल्यावर जा.

हे सांगायला आपल्याला लांबची उदाहरणं नकोत. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू पूर्वेकडे निघालेले असताना ठाण्यात उतरले आणि इथेच मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस वाचला. त्याने सोबत्यांचे देह सोपाऱ्याला पुरले आणि याच किनाऱ्यावर एकटा काम करत राहिला. वसईचा गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयात जपानला गेला, पुढे व्यापारात पडला, जपानी भाषा त्याच्या जिभेवर बसली. म्हणून तर फिलिपिन्सहून जपानला निघालेल्या फ्रान्सिस्कनांनी त्याला दुभाष्या म्हणून सोबत घेतलं. १५९७ मध्ये नागासाकीला त्यांच्याबरोबरच तो क्रुसावर गेला. मिरजेत डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उभारलं, जवळपास चार दशकं ते या भागात राहिले आणि इथल्याच मुलांना वैद्यकी शिकवत गेले. ही माणसं राहिली, भाषा शिकली, माणसं तयार केली. आपण महिन्यासाठी जातो, तेव्हा आपण त्यांच्या पंक्तीतले नाही हे मनाशी स्वच्छ असावं. आपण राहणाऱ्यांचे मदतनीस आहोत. मला त्यात कमीपणा कधी वाटला नाही. उलट त्यामुळे कितीतरी ताण उतरतो, कारण महिन्याच्या शेवटी काय उभं केलं हे कोणाला दाखवायचं नसतं.

फोटोंविषयी तू विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण या बाबतीत मी कडक आहे. अहमदनगर-सोलापूरकडच्या अनेक मराठी ख्रिस्ती घराण्यांची सुरुवात दुष्काळात झाली. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग शतकाच्या शेवटचे दोन. आईबाप गेलेली मुलं मिशनच्या बोर्डिंगात आली, पंडिता रमाबाईंनी कितीतरी मुली केडगावला आणल्या. त्या काळात मिशनचे अहवाल परदेशी जायचे आणि त्यांत बरगड्या मोजता येतील अशा मुलांचे फोटो असायचे. त्यातून मदत आली, मुलं जगली, शिकली, मास्तर झाली, नर्सा झाल्या. त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण ती मुलं म्हणजे तुझे-माझे पणजी-पणजोबा आहेत. तो फोटो कुठे छापणार आणि कोण बघणार, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. केंद्रातल्या मुलाचा फोटो काढायला मोबाइल वर करशील तेव्हा हे आठव. त्या मुलाची नात उद्या नायरोबीत वकील असेल. पहिले दोन आठवडे फोटो काढूच नका. नंतर काढायचा झाला तर दुभाष्याकडून आईला विचारा, कुठे दाखवणार ते सांगा, तिला मुलाला चांगले कपडे घालायचे असतील तर थांबा. स्टेटसवर कुणाचंही मूल टाकायचं नाही. आणि कोणी अनाथालयाला ‘भेट’ द्यायला नेतो म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. मुलांनी कुटुंबात वाढावं असं धोरण केनियाने धरलं आहे आणि २०१७ पासून नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आहे. दर महिन्याला नवे पाहुणे येऊन लळा लावून जातात, त्याचा मुलांना त्रासच होतो.

आता तयारी. कागदपत्रं आधी. फिरायला जाणाऱ्याला जी ऑनलाइन परवानगी मिळते तिच्यावर पेशंट तपासता येत नाहीत, मग पगार घ्या किंवा घेऊ नका. सेवेसाठी येणाऱ्यांची अल्प मुदतीची परवानगी वेगळी असते आणि ती तिथल्या मंडळीने काढायची असते. आपल्या व्यवसायाला तिथेही कौन्सिल आहे, त्यांच्याकडे तात्पुरती नोंद करून घ्यावी लागते. याला वेळ लागतो. ‘देवाचं काम आहे, होईल सगळं’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. देवाच्या कामात कागद अधिकच चोख हवेत, कारण उद्या चौकशी झाली तर तू विमानात असशील आणि उत्तरं केंद्रातल्या बाईला द्यावी लागतील.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावीच लागते. केनियाहून परतताना मुंबई विमानतळावर तो दाखला मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. ही लस सरकारमान्य ठराविक केंद्रांवरच मिळते, गल्लीतल्या दवाखान्यात नाही, आणि तारखेसाठी थांबावं लागतं. एकदा घेतलेला दाखला जन्मभर चालतो. अंड्याची ॲलर्जी असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं.

सामानात गरम कपडा ठेव. आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून सगळे सुती कपडे भरतात आणि नायरोबीत कुडकुडतात. ते शहर जवळपास १,८०० मीटर उंचीवर आहे, आपल्या महाबळेश्वरच्याही वर. किसुमू खाली आहे, व्हिक्टोरिया तळ्याकाठी, तिथे उकडतं. प्लास्टिकच्या कॅरीबॅगा मात्र घरीच. केनियाने २०१७ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली आणि दंड जबर आहे. आईने चकल्या-लाडू दिले तर डब्यात ने. औषधांची बॅग भरून नेऊ नका. औषधं देशात आणायला परवानगी लागते, आणि मुदत संपत आलेल्या, नावं न कळणाऱ्या गोळ्यांचं करायचं काय हा तिथल्या नर्सपुढचा कायमचा प्रश्न असतो. केंद्राला काय हवंय ते त्या बाईला फोन करून विचार. ती बहुधा फारच साधी गोष्ट सांगेल. चांगली कात्री, मोजपट्टी, क्रेप बँडेज. तेवढंच ने.

एक गोष्ट मात्र निघण्याआधी घरी शिकून घे, कारण ती महिन्यात पुरी होते आणि मागे राहते. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हातापायांवर ताबा नसलेल्या मुलांसाठी पुठ्ठ्याची खुर्ची. कागद-पुठ्ठ्यापासून अशी साधनं बनवायची पद्धत झिम्बाब्वेत निघाली आणि आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी पसरली. दुकानातली जाड खोकी घ्यायची, मैद्याची खळ शिजवायची, पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून वजनाखाली दाबून ठेवायचे. वाळल्यावर मुलाच्या मापाने कापायचे: नितंबापासून गुडघ्यापर्यंत किती, गुडघ्यापासून टाचेपर्यंत किती, पाठ कुठपर्यंत. कडांना कागदाच्या पट्ट्या लावायच्या, पुन्हा वाळवायचं, रंग द्यायचा. नीट केली तर वर्षानुवर्षं टिकते. खर्च जवळजवळ शून्य. तिथे मुलं दिवसभर चटईवर आडवी असतात आणि आडवं असतानाच भरवलं जातं. त्यातून ठसका, त्यातून छातीत कफ. खुर्चीत ताठ बसलं की घास नीट उतरतो. आणि आई चुलीपाशी काय करतेय ते मुलाला दिसायला लागतं. याचं मला सगळ्यात अप्रूप आहे. आधी खळ शिजवायचा सराव ऐरोलीत कर. गुठळ्या राहिल्या तर थर सुटतात. तिथे आयांचा गट बसवून त्यांच्याकडूनच करून घे, तू फक्त माप कसं घ्यायचं ते दाखव.

सुवार्तेचा प्रश्न तू तिसरा ठेवलास, पण तुझ्या मनात तो पहिला आहे, हे पत्रावरून कळलं. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत शंभरातल्या पंच्याऐंशी माणसांनी आपण ख्रिस्ती असल्याचं सांगितलं आहे. आपण इथे मूठभर. ठाण्यात रविवारी सकाळी शेजारी विचारतात, ‘आज कुठे एवढ्या लवकर?’ तिथे ज्याच्या घरी जाशील तो रविवारी उपासनेत असतो. १९३० च्या दशकापासून पूर्व आफ्रिकेत जी जागृती पसरली, तिच्यात माणसं उभी राहून आपली पापं चारचौघांत कबूल करत, ज्याचं देणं होतं त्याला ते परत करत. ती सवय काही मंडळ्यांत अजून दिसते. तेव्हा त्यांना ख्रिस्त माहीत करून द्यायला आपण चाललोय ही समजूत विमानतळावरच सोडून दे.

मग सांगायचं काय? पहिल्याच रविवारी तुम्हाला उभं करतील. ‘ब्वाना असिफिवे’, प्रभूची स्तुती असो, असं म्हणायचं, मंडळी ‘आमेन’ म्हणेल. मग दोन शब्द बोलायचे. दुभाष्या वाक्यागणिक सांगतो, म्हणून वाक्यं छोटी ठेव आणि पाच मिनिटांत बस. उपासना तीन-चार तासांची असते, आणि तुझं बोलणं हा तिचा गाभा नसतो. आपल्याबद्दल सांग. भारतात मराठी बोलणारी मंडळी आहे, ती ओव्या-अभंग गाते, तबला-पेटीवर भजनं म्हणते, हे ऐकून त्यांचे डोळे मोठे होतात. एक भजन म्हणून दाखव. इथल्या अडचणी सांग आणि प्रार्थनेची विनंती कर. माझ्यासाठी तिथे झालेल्या प्रार्थनांचं बळ मला इथे पुढे किती दिवस पुरलं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

पेशंटसोबत प्रार्थना करायची इच्छा झाली तर आधी विचार, आणि बरं करण्याचं वचन कधीही देऊ नकोस. सेरेब्रल पाल्सीच्या आईला ‘विश्वास ठेव, मूल चालेल’ असं सांगून परदेशी पाहुणा निघून जातो. मूल चालत नाही, आणि मग गावात म्हणतात, हिचाच विश्वास कमी पडला. यासारखी क्रूर गोष्ट नाही. मी पाहिलेली खरी सुवार्ता वेगळी होती. एका आजीकडे असं नातवंड होतं. सून माहेरी निघून गेलेली, शेजारी शापाचं बोलायचे. तिथल्या पाळकाने रविवारी त्या आजीला मुलासकट पुढे बोलावलं, मूल स्वतःच्या कडेवर घेतलं आणि योहानातला जन्मांध माणसाचा भाग वाचला, ज्यात येशू सांगतो की या माणसाने पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही. मग मुलाला कडेवर ठेवूनच त्याने उरलेला उपदेश केला. त्याच आठवड्यात आणखी दोन घरांनी लपवून ठेवलेली मुलं केंद्रात आणली. मी तेच शब्द बोलले असते तर पाहुणीचं बोलणं म्हणून गेलं असतं. तो त्यांचा पाळक होता, त्यांच्या मयतांना आणि लग्नांना उभा राहणारा.

एक गोष्ट गोऱ्या मिशनऱ्यांच्या अनुभवातून तुला कळणार नाही, म्हणून मुद्दाम सांगते. तू भारतीय आहेस, आणि तिथे भारतीय माणूस नवा नाही. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून किसुमूपर्यंत रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते. त्यांतले हजारो मेले, बहुतेक परतले, काही राहिले. मागून गुजराती-पंजाबी व्यापारी आले. किसुमूत आजही मोठी दुकानं, गोदामं त्यांची आहेत. त्यामुळे तुला बघितल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे आधी दुकानाचा मालक येतो, हिशोबाला पक्का आणि नोकराला स्वयंपाकघरातच जेवायला बसवणारा. सगळे तसे नाहीत, पण तो अनुभव त्यांच्या गाठीशी आहे. तिथे तू आपली बॅग आपण उचललीस, चौकीदाराला हात मिळवून नमस्कार केलास, भांडी घासायला उभी राहिलीस, तर ते लगेच लक्षात येतं आणि गावभर होतं. जातीपातीचे चटके ज्यांच्या घराण्याने सोसले, त्या आपल्या मराठी ख्रिस्ती माणसाला हे वेगळं शिकवायला नको.

जेवणाबद्दल लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांना जे सांगितलं तेच पुरेसं आहे: पुढे वाढतील ते खा, आणि घरं बदलत फिरू नका. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी, तळ्यातली तिलापिया नाहीतर ओमेना नावाची बारीक मासळी. कोळंबी-सुकटीवर वाढलेल्या ठाणेकराला ओमेना आवडतेच. चहा आपल्यासारखा दुधात उकळलेला. जेवणाआधी घरातलं कोणी लहान मूल तांब्या-घंगाळ घेऊन येतं आणि प्रत्येकाच्या हातावर कोमट पाणी ओततं. हात पुढे करून थांब, घाई करू नकोस.

आणि चपातीकडे लक्ष दे. तुम्ही भारतीय म्हणून पहिल्या जेवणाला चपात्या असतील. आपल्याला वाटतं, रोजचंच आहे. तिथे गव्हाचं पीठ आणि तेल महाग, चपाती नाताळात किंवा पाहुणा आला तर. मी एकदा यजमानीणबाईंसोबत ती करायला बसले. कणीक तेलात मळून, गोळा लाटून, त्याची दोरी वळून, गुंडाळून पुन्हा लाटायची, म्हणजे पापुद्रे सुटतात. तेलावर दोन्हीकडून भाजायची. दुपारी सुरुवात केली तेव्हा कुठे दिवेलागणीला डबा भरला. त्यांनी स्वतः एक घेतली, अर्धी धाकट्याला दिली. त्या दिवसापासून ‘मला एकच पुरे’ म्हणायचं मी बंद केलं आणि समोर आलेली पोटभर, आवडीने खाल्ली. पाहुणचार घेणं हेही सेवेतच मोडतं. आपल्याकडे देण्याचं कौतुक फार, घेण्याचं नाही.

पैसे मागणारे भेटतील. शाळेची फी, ऑपरेशन, छपराचे पत्रे. बहुतेकांची गरज खरी असते. तिथे २००७ पासून मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा ही सोय घरोघरी आहे, त्यामुळे ‘आत्ता नाहीत’ ही सबबही चालत नाही. निघण्याआधी चौघांनी एकच ठरवा: हातात कोणी काही देणार नाही, प्रत्येक विनंती तिथल्या मंडळीच्या कमिटीकडे जाईल. त्यांना कोणाची खरी निकड आहे ते ठाऊक असतं. द्यायचं ते शेवटी कमिटीकडे, नाव न घेता. तुमच्या मंडळीचा ट्रस्ट इथे जमलेले पैसे तिकडे पाठवणार असेल तर आधी सीएला विचारा. धर्मादाय ट्रस्टचा पैसा देशाबाहेर खर्च करायला आयकराचे नियम आड येतात. व्यक्तीने आपल्या खात्यातून पाठवणं त्यामानाने सोपं असतं.

तब्येतीचं मोजकंच. तळ्याच्या भागात मलेरिया आहे आणि तो जीव घेणाऱ्या प्रकारचा आहे. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि परतल्यावरही ती सांगतील तितके आठवडे चालू. मच्छरदाणीत झोप. व्हिक्टोरिया तळं कितीही सुंदर दिसलं तरी पाण्यात पाय घालू नकोस, त्यातल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया हा जंतांचा आजार होतो. अंधार पडल्यावर रस्त्याने प्रवास नाही, हेल्मेटशिवाय बोडाबोडा नाही. परत आल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, ‘मी केनियाहून आले आहे,’ आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं. आपल्याकडे ताप म्हटलं की डेंग्यू नाहीतर व्हायरल धरतात, आणि दोन दिवस वाट बघण्यात माणूस हातचा जातो.

मी काय शिकले, हे विचारलंस. त्या बाईकडून मी घरी जायला शिकले. ठाण्यात पेशंट क्लिनिकमध्ये यायचा, व्यायाम समजावायची, कागदावर चित्रं काढून द्यायची, पुढचा पेशंट. तिच्यामागे घरोघरी फिरून आल्यावर मी आठवड्यातली एक दुपार घरी जाऊन पेशंट बघायला ठेवली. किसननगर, कळवा, लोकमान्यनगर. अर्धांगवायूच्या माणसाला मी ‘रोज चाला’ सांगत होते, आणि त्याच्या खोलीत पलंग आणि मोरी यांच्यामध्ये चालायला तीन पावलांचीच जागा होती. ते घरी गेल्याशिवाय कळत नाही. मग व्यायाम त्या तीन पावलांसाठी बसवायचा, मोरीपाशी धरायला दांडी ठोकून घ्यायची, घरातल्या सुनेला उठवण्याची रीत दाखवायची. माझी प्रार्थनाही बदलली. आधी मी पेशंटच्या दुखण्यासाठी प्रार्थना करायचे. आता त्याच्या घरासाठी करते, कारण ते घर मी पाहिलेलं असतं.

परतल्यावर मंडळीत साक्ष द्यायला उभं करतील. ‘इतके गरीब, तरी किती आनंदी’ हे वाक्य कृपा करून बोलू नकोस. त्यांना भूक लागते, मुलं आजारी पडली की रडू येतं, सरकारचा रागही येतो. त्यांच्या कामाबद्दल बोल. केंद्रातल्या बाईचं नाव घे, तिची वही, तिचे बूट, तिची घरं. आणि तिच्याशी फोन चालू ठेव. तू प्लास्टर घातलेल्या मुलांचं काय झालं ते विचारत राहा, ब्रेस सुटेपर्यंत.

शिवाय क्लबफूटची मुलं शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरही जन्मतात. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या आजाराची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्लास्टर होतं, ब्रेस मिळतो, आणि मजुरीच्या मोसमात कुटुंब वीटभट्टीवर गेलं की ब्रेस घरातच राहतो. तिथेही कोणीतरी बूट पिशवीत घालून जायला हवं. परतल्यावर महिन्यातला एखादा शनिवार मोकळा असेल तर मला कळव, मी तुला तिथल्या माणसांची गाठ घालून देते.

राहिली आई. तिची समजूत तू काढू नकोस, यजमानीणबाईंना काढू दे. निघायच्या आधीच्या एखाद्या रविवारी दोघींना व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बसव. भाषा अडेल, चालतं. आईला त्यांचं स्वयंपाकघर दिसू दे, तू झोपणार ती खोली, तिथली मच्छरदाणी दिसू दे. आईने विचारायचे ते सगळे प्रश्न विचारू देत. मग रोजची एक वेळ ठरव. केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, म्हणजे तिथे संध्याकाळचे सात तेव्हा ऐरोलीत साडेनऊ, आईची जेवणं-भांडी आटोपलेली असतात. एक मात्र आईला आधीच सांगून ठेव की गावाकडे वीज गेली तर एखाद्या दिवशी फोन लागणार नाही. तशा वेळी तिने कोणाला फोन करायचा, तो तिथल्या पाळकांचा आणि गटप्रमुखाचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटव.